पुढचं शीड गुंडाळायची सोय: छोट्या कॅटॅमरनवर धक्क्याला लावताना खरंच उपयोग होतो का?

वाराफिरला

मंडळी, बोट १६ फुटी कॅटॅमरन आहे. दोन हल (बोटीची दोन अंगं), मध्ये ट्रॅम्पोलिन (ताणलेलं कापड), मेन हे मोठं शीड आणि जिब हे पुढचं छोटं, इंजिन नाही. सोबत बहुतेक वेळा एकच माणूस आणि तोही शिडाच्या कामात नवखा. मोकळ्या पाण्यात काही तक्रार नाही. तारांबळ उडते ती धक्क्याला लावताना. शीट (शीड ओढायची दोरी) सोडली की जिब फडफडते, क्ल्यूवरची (मागच्या खालच्या कोपऱ्यावरची) कप्पी पुढे बसलेल्याच्या कानाशी नाचते, शीट कशात तरी अडकते आणि नेमकी नको तेव्हा जिब भरते. मग नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याखाली फिरते आणि बोट धक्क्याऐवजी शेजारच्या बोटीच्या दिशेने निघते.

जिबला खाली ड्रम (दोरी गुंडाळायची चकती) आणि वर स्विव्हल (फिरता सांधा) लावून ती दोरीने गुंडाळता येते, हे माहीत आहे. प्रश्न असा की एवढ्या लहान बोटीवर तो खटाटोप करण्यात अर्थ आहे का? आहे ती जिब चालेल की नवी शिवावी लागेल? कोणी केलं असेल तर बारकाव्यांसकट लिहा, घाई नाही.

एकहलवाला

यात विचार करण्यासारखं काय आहे? डोळे झाकून बसवा. आमच्या कील (तळाचं जड पातं) असलेल्या बोटीवर कित्येक वर्षं आहे. वारा वाढला की अर्धी गुंडाळायची, कमी झाला की उघडायची. पुढच्या डेकवर जायची गरजच नाही.

खारावारा

थांबा थांबा. तुमची बोट वेगळी, तुमचा फर्लरही (शीड गुंडाळायची सोय) वेगळा. तुमच्याकडे फोरस्टेवर (डोलकाठी पुढून धरणाऱ्या तारेवर) ॲल्युमिनियमची पन्हळ असलेली नळी आहे, शीड त्या पन्हळीत सरकतं आणि नळी वरपासून खालपर्यंत एकसाथ फिरते. म्हणून अर्धं गुंडाळलेलं शीडही आकार धरून राहतं. छोट्या कॅटवर नळी नसते, शिडाच्या लफमधली (पुढच्या कडेतली) तारच फिरते. असा फर्लर एक तर पूर्ण उघडा, नाही तर पूर्ण बंद. अर्धवट ठेवला तर मधे पोट सुटतं आणि ताण सगळा तळाच्या कोपऱ्यावर येतो. धागाकर्त्याने त्यावर रीफची (शीड लहान करण्याची) आशा ठेवू नये.

आता मूळ प्रश्न. त्याआधी एक सांगा, हॅलियार्ड (शीड चढवायची दोरी) सोडून जिब खाली घेतली की तुमची डोलकाठी ढिली पडते का?

वाराफिरला

पडते. श्राउड (डोलकाठीच्या बाजूच्या तारा) सैल होतात आणि डोलकाठी पायाशी खडखडते. होबी १६ आहे, जुनी. म्हणूनच पाण्यावर जिब उतरवायला मन धजत नाही.

खारावारा

वाटलंच. ज्यांनी ही बोट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लांबी ५ मीटरच्या किंचित वर, रुंदी २.४ मीटर, वजन १४५ किलोच्या आसपास. मेन साधारण १५ चौरस मीटर आणि जिब ५, म्हणजे एकूण शिडाचा पाव हिस्सा पुढे. खाली डॅगरबोर्ड (पाण्यात सोडायची फळी) नाही, हलच असे वाकडे घडवले आहेत की तेच आडवं सरकणं रोखतात. मागे बॅकस्टे (डोलकाठी मागून धरणारी तार) नाही. डोलकाठी तीन ठिकाणी धरलेली, बाजूंना दोन श्राउड आणि पुढे नाळेवरच्या ब्रायडलला (दोन्ही हलांच्या टोकांमधल्या जोडतारेला) जोडलेली तार.

मेख इथे आहे. पुढची तार म्हणून फोरस्टे असतो खरा, पण जिबचं हॅलियार्ड ताणलं की जिबच्या लफमध्ये शिवलेली तार सगळा भार घेते आणि फोरस्टे सैल लोंबतो. जिब नसताना डोलकाठी कोसळू नये, एवढंच त्याचं काम. तेव्हा ड्रम आणि स्विव्हल बसवताना तुम्ही नुसत्या शिडाचं नाही, डोलकाठी धरणाऱ्या तारेचं काम करताय. स्वस्तातला, नुसत्या डिंगीच्या (छोट्या होडीच्या) जिबसाठी बनवलेला ड्रम इथे चालणार नाही. घेताना ब्रेकिंग लोड (तुटण्याचा भार) नाही, वर्किंग लोड (कायम पेलायचा भार) बघा. तो आहे त्या तारेला आणि शॅकलला (जोडकडीला) साजेसा हवा.

काठावरचा

नवखा आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सोडून द्या. जिब एवढी त्रास देते तर धक्क्याजवळ येण्याआधी मेनच उतरवून टाकली तर? निदान मोठं शीड तरी जाईल.

जुना_तांडेल

प्रश्न बाळबोध अजिबात नाही, या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. उत्तर वारा कुठून येतोय यावर आहे. सविस्तर लिहितो, जरा सवड होऊ द्या.

तोवर माझं मत: फर्लरच्या आधी डाउनहॉल करून बघावा. जिबच्या डोक्याला बारीक दोरी, ती लफवरच्या हुकांमधून खाली, टॅकशी (पुढच्या खालच्या कोपऱ्याशी) छोटी कप्पी, तिथून मागे हाताशी. हॅलियार्ड सोडलं, ही दोरी ओढली की जिब खाली. ना बेअरिंग, ना ड्रम, ना अडकायची भीती.

खारावारा

तांडेल, ज्या बोटीत फोरस्टे स्वतः ताणलेला असतो तिथे शंभर टक्के सहमत. तिथे डाउनहॉलसारखी सोय नाही. होबी १६ वर मात्र जिब उतरवली की ताणच जातो. लाटेत डोलकाठी मागे-पुढे झुलते आणि पायाच्या सांध्यावर आपटत राहते. शिवाय उतरलेली जिब ट्रॅम्पोलिनच्या पुढे दोन हलांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडते आणि पाणी भरून घेते.

जुना_तांडेल

मान्य. त्या बोटीपुरता शब्द मागे.

एकहलवाला

इतकं सगळं आहे तर मग कारखान्यातूनच फर्लर का येत नाही?

खारावारा

येतो की. होबीच्याच गेटअवेवर गुंडाळणारी जिब मुळातच असते, कारण ती बोट सहलीसाठी आखली आहे. १६ आखली गेली ती लाटांतून किनाऱ्यावर चढवायला आणि शर्यतीला. किनाऱ्यावर बोट वाळूत घुसली की काम झालं, तिथे जिब फडफडली तर फडफडली. धक्क्याला लावायची वेळ आली की तिचा स्वभाव बोचायला लागतो.

धागाकर्त्यासाठी दोन पद्धती सांगतो.

पहिली: आहे तसंच, फक्त जिबच्या टॅकखाली ड्रम आणि डोक्यावर स्विव्हल. लफची तार फिरते, शीड तिच्याभोवती गुंडाळतं. फायदा हा की हॅलियार्ड सोडून जिब केव्हाही उतरवता येते. तोटा सैल फोरस्टेचा. शीड फिरायला लागलं की तो लोंबता फोरस्टे त्यात ओढला जातो आणि वेढा अडतो. त्यासाठी ब्रायडलवरच्या पट्टीत फोरस्टे ड्रमच्या पुढच्या भोकात घ्यायचा, म्हणजे दोघांत अंतर राहतं. वर इलॅस्टिक दोरीने त्याचं सैल अंग खेचून ठेवायचं. ड्रमच्या कडेला घासत नाही ना, हे हाताने फिरवून बघायचं.

दुसरी: सैल फोरस्टे काढूनच टाकायचा. वर स्विव्हल, खाली ड्रम, मधे एकच तार आणि जिबच्या लफला लांब झिपवाली बाही, ती तारेभोवती बंद होते. लफ ताणायला टॅकशी वेगळी बारीक दोरी. दिसायला नेटकं, गुंडाळायला सुरेख. पण मग डोलकाठी पूर्णपणे ड्रमवर आणि स्विव्हलवर टांगलेली. एक पिन गेली की वरचं सगळं खाली. आणि भर वाऱ्यात ड्रम अडकला तर शीड उतरवायला मार्ग नाही.

मी पहिलीच सुचवीन. दुसरीत दुसरा आधार उरत नाही, आणि नवख्या सोबत्याबरोबर फिरणाऱ्याला दुसरा आधार असावा.

पद्धत कुठलीही घ्या, प्रत्येक पिनला रिंग आणि रिंगवर टेप. फडफडणारी शीट रिंगेत अडकून रिंग सरळ करते, हे डोळ्यांनी पाहिलंय.

शिवणटिपण

मी शिडं शिवते, त्यामुळे शिडाच्या बाजूने लिहिते.

आहे ती जिब चालेल का, हे तीन गोष्टींवर ठरतं.

बॅटन. होबी १६ च्या जिबला आडव्या बॅटन (कडक पट्ट्या) असतात. आडवी बॅटन आणि गुंडाळणं यांचं जमत नाही. ती काढली तर मागची कड आधाराशिवाय राहते आणि सतत थरथरते. थरथरणारी कड लवकर फाटते. म्हणून बॅटन काढायच्या तर लीच (मागची कड) आतल्या बाजूला थोडी पोकळ कापायला हवी. क्षेत्रफळ घटतं, वाऱ्यावर चढण्याची धार कमी होते. शर्यत करत असाल तर ही जिब वेगळी ठेवा आणि फिरण्यासाठी दुसरी शिवा. लफला समांतर उभ्या बॅटन बसवता येतात, त्या शिडाबरोबर गुंडाळल्या जातात, पण मग खिसे नव्याने शिवावे लागतात.

उंची. ड्रम, स्विव्हल आणि शॅकल मिळून वीतभर जागा सहज खातात. जिबची लफ आधीच वर-खाली पुरेपूर असेल तर ती बसणारच नाही. लोक काय करतात, ड्रम बसवतात, वर जागा उरत नाही म्हणून हॅलियार्ड कप्पीला टेकतं, आणि ताण आला असं वाटतं. आलेला नसतो. आधी दोरी लावून मोजा: डोलकाठी तिच्या नेहमीच्या कलावर ठेवून वरच्या पिनपासून खालच्या पिनपर्यंत. त्यातून सगळ्या सामानाची उंची वजा करा. उरेल ती लफ. कमी पडत असेल तर शीड तळातून कापून तार आखूड करावी लागते.

आणि क्ल्यू. टॅक वर गेला की क्ल्यूही तेवढाच वर जातो. शीटची ओढ बदलते, मागची कड ताठ आणि पायाची (खालची) कड सैल होते. शीटची कप्पी मागेपुढे सरकवून बघावं लागेल. त्याच वेळी क्ल्यूवरच्या जड कप्प्या काढा. धागाकर्त्याच्या कानाशी जी नाचते, तिची गरज लांब दोरीने भागते. ५ चौरस मीटरच्या शिडाला साधी शीट हाताने पेलते, गुंडाळतानाही मधे काही टोचत नाही.

लफमधली तार कुठली आहे तेही बघा. लवचिक, बारीक पेडांची तार असेल तर खाली पीळ दिला तरी तो वर पोचत नाही, ओलं फडकं पिळल्यासारखं मधेच वळतं. १×१९ विणीची ताठ तार पीळ चांगला वाहून नेते. जुन्या शिडात तार गंजलेलीही असते. शिवण उसवून बघितल्याशिवाय कळत नाही.

वाराफिरला

शिवणटिपण, फार उपयोगी. ड्रमवर दोरी किती लागेल, याचा काही हिशोब असतो का? दुकानात विचारलं तर "भरपूर घ्या" एवढंच सांगतात.

शिवणटिपण

असतो, सोपा आहे. तुमच्या जिबचा पाया समजा १७० सेंमी. गुंडाळी सुरुवातीला अगदी बारीक, घेर ३ सेंमी, शेवटी जाड होऊन १९ च्या आसपास. सरासरी ११ धरली तर १५–१६ वेढे. शीट शिडाभोवती नीट बसायला आणखी ३. ड्रमवर कायम उरायला हवेत असे ४. झाले २३ वेढे. ड्रमचा गाभा दोरीसकट सरासरी ६ सेंमी व्यासाचा असेल तर एका वेढ्याला १९ सेंमी, म्हणजे सव्वाचार-साडेचार मीटर दोरी ड्रमसाठी. त्यापुढे ड्रमपासून तुमच्या हातापर्यंतचं अंतर आणि धरायला मीटरभर. दोरी ४–५ मिलिमीटरची. त्याहून जाड घेतली तर ड्रम भरून जातो आणि वेढे कडेवरून घसरतात.

दोरी भरताना शीड आधी हाताने घट्ट गुंडाळा, मगच ड्रमवर ते राखीव ४ वेढे द्या. शीड उघडलं की ड्रम आपोआप भरतो. उलटं केलंत तर शीड अर्धं गुंडाळल्यावर दोरी संपते.

काठावरचा

वाचनखूण साठवली. तांडेल, तुमच्या उत्तराची वाट बघतोय.

जुना_तांडेल

घ्या.

कॅटॅमरन धक्क्याला लावणं अवघड का, तर ती हलकी आहे म्हणून. कील असलेली जड बोट शिडं सोडल्यावरही बरंच अंतर घसरत येते. कॅट वाऱ्यात नाक घातलं की दोन-चार बोटींच्या अंतरात उभी राहते. उभी राहिली की सुकाणूवर पाणी वाहत नाही आणि मग सुकाणू नुसती फळी. म्हणजे जिब गुंडाळण्याचा खरा प्रश्न "कशी" हा नाही, "कधी" हा आहे.

वारा धक्क्यावरून तुमच्याकडे येतोय. यात जिब गुंडाळून एकट्या मेनवर यायचं. जिब गेली की शिडांचा जोर मागे सरकतो आणि नाळ आपोआप वाऱ्याकडे वळू बघते, धक्क्याच्या दिशेनेच. मेनची शीट ढिली सोडून वेग मारता येतो, थोडी ओढून परत घेता येतो. पण एक लक्षात ठेवा, एकट्या मेनवर कॅट टॅक करायला (नाक वाऱ्यातून पलीकडे वळवायला) नाखूश असते. मधेच नाकासमोर वारा घेऊन थांबते आणि मागे सरकायला लागते, तेव्हा सुकाणू उलटं चालवावं लागतं. म्हणून शेवटचा टॅक जिबसह करायचा, धक्का सरळ आवाक्यात आला की मगच गुंडाळायची. फार आधी गुंडाळली आणि आणखी एक टॅक घ्यावा लागला तर तुमची गंमत बघायला धक्क्यावर गर्दी जमते.

वारा तुमच्या पाठीमागून धक्क्यावर चाललाय. इथे काठावरचा यांचं म्हणणं बरोबर. मेन उभी ठेवून जाऊ नका. पाठीमागून वारा असताना मेन सोडली तरी ती श्राउडला टेकते, त्यापुढे जात नाही, म्हणजे जोर काढताच येत नाही. लांब मोकळ्या पाण्यात वाऱ्याकडे तोंड करा, मेन उतरवा, मग एकट्या जिबवर या आणि चार-पाच बोटींच्या अंतरावर जिब गुंडाळा. पुढचं अंतर हल आणि डोलकाठीवरचा वाराच नेतो. फर्लरची खरी किंमत इथे कळते, कारण जिब एका ओढीत नाहीशी होते. डाउनहॉलनेही होतं, पण पुढे पडलेली जिब मग दोर फेकणाऱ्याच्या पायात येते.

वारा धक्क्याला समांतर असेल तर सगळ्यात सोपं. वाऱ्याकडे तोंड करून बाजूने या, जिब गुंडाळलेली, मेन सुटलेली. बूम (मेनच्या तळाची आडवी काठी) धक्क्यावर उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून फिरतो, त्याला आधी ओरडून सांगा.

पहिला दोर नाळेचा नाही. श्राउडच्या बुंध्याशी बांधलेला, बोटीच्या मध्याजवळचा. नाळेचा दोर आधी ओढला तर मागची बाजू बाहेर फिरते.

काठावरचा

मेन पाण्यावर उतरवणं म्हणजे नुसतं हॅलियार्ड सोडायचं ना?

खारावारा

होबी १६ वर नाही! हॅलियार्ड डोलकाठीच्या टोकाला खाचेत अडकतं. सोडवायला पुढे जाऊन हॅलियार्ड डोलकाठीपासून लांब धरायचं, शीड आधी पुरतं वर ओढायचं, मग तसंच लांब धरून ठेवून खाली घ्यायचं. एकाने हॅलियार्ड धरायचं, दुसऱ्याने शीड ओढायचं. जमिनीवर उभं राहून सराव केला नसेल तर हे धक्क्याच्या तोंडाशी करायला जाऊ नका.

एकहलवाला

म्हणजे वारा धक्क्यावर असेल तर फर्लर असून नसून सारखाच. खरं काम मेन उतरवण्याचंच.

जुना_तांडेल

सारखाच कसा? मेन उतरवल्यावर तुम्ही येता कशावर? ज्या शिडावर येता ते शेवटच्या क्षणी बंद करता यायला हवं की नको? वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. ५ चौरस मीटर ऐकायला थोडं वाटतं, धक्का समोर असताना थोडं नसतं.

एक मात्र तुमच्या बाजूने: गुंडाळलेली जिब म्हणजे शून्य जिब नव्हे. ती जाड वळी पुढे उभी असते आणि बोट थांबली की नाळ बाजूला ढकलते. हलक्या कॅटवर हे चांगलंच जाणवतं.

वाराफिरला

पहिल्या पद्धतीने ड्रम आणि स्विव्हल बसवून झालं. जिब शिवून घेतली, बॅटन काढून लीच पोकळ केली, तार १×१९ ची. जमिनीवर, अगदी मंद वाऱ्यात, ओढून बघितलं. खालचा अर्धा भाग झकास गुंडाळतो, वरचा तसाच मोकळा राहतो. उघडताना एकदा ड्रममध्ये दोरीचा गुंता झाला. ड्रम बदलू का?

खारावारा

ड्रम कशाला बदलता, आधी वर बघा. स्विव्हलच्या वरच्या आणि खालच्या अंगावर रंगीत टेपची एकेक पट्टी लावा आणि दुर्बिणीतून पाहा. खालचं अंग फिरायला हवं, वरचं स्थिर. दोन्ही फिरत असतील तर हॅलियार्डला पीळ बसतोय आणि शिडाकडे पीळ पोचतच नाही. बहुतेक वेळा कारण हे की स्विव्हल कप्पीपासून बराच खाली आहे, मधे हॅलियार्डचा लांब तुकडा आहे आणि तो फोरस्टेला चिकटून चालतोय. ते अंतर कमी करा.

स्विव्हल ठीक असेल तर ताण बघा. बॅकस्टे नसलेल्या बोटीत डोलकाठी मागे ओढून धरण्याचं काम मेनची शीट करते. जमिनीवर मेन नव्हती ना वर? मग लफची तार सैल आहे, ती फिरणार कशी. पाण्यावरही क्रम तोच ठेवा: आधी जिब गुंडाळा, मग मेन मोकळी सोडा. मेन आधी सोडून दिली की तार ढिली पडते आणि वरचा भाग मागे राहतो. मेन अगदी करकचूनही नको, बेअरिंगवर भार वाढतो आणि ओढ जड होते.

ओढ जड लागली तर जोर लावू नका, कारण शोधा.

गुंत्याचं उत्तर सोपं आहे. उघडताना गुंडाळायची दोरी हातातून थोडी रोखत सोडायची. वाऱ्याने जिब फटकन उघडते, ड्रम गरागरा फिरतो आणि सैल दोरी एकावर एक चढते. तसंच गुंडाळताना शीट पूर्ण सोडायची नाही, किंचित ताण ठेवायचा, म्हणजे वळी घट्ट होते. सैल वळी रात्री वाऱ्यात उघडते.

दोरी ड्रमकडे कुठल्या कोनात जाते?

वाराफिरला

ड्रमपासून थेट मागे, ट्रॅम्पोलिनच्या कडेवरच्या कप्पीत. कप्पी ड्रमपेक्षा थोडी खाली आहे.

खारावारा

तिथेच निम्मा गुंता. दोरी ड्रमला काटकोनात यायला हवी, म्हणजे पहिली कप्पी किंवा कडी ड्रमच्या मधोमध पातळीला. ड्रम ब्रायडलवर असल्यामुळे वर-खाली होतो, म्हणून पहिली कडी ब्रायडलच्याच तारेला बांधा, क्रॉसबारला (हल जोडणाऱ्या आडव्या दांड्याला) नाही. दोघं एकत्र हलतील. कॅम क्लीट (दोरी पकडणारा चिमटा) पुढच्या क्रॉसबारवर डोलकाठीजवळ. टिलर (सुकाणूचा दांडा) धरून बसलेल्याचा हात तिथे पोचत नसेल तर दोरीचं टोक इलॅस्टिकने मागे ओढून ठेवा.

वाराफिरला

कडी ब्रायडलवर घेतली, हॅलियार्डचा तुकडा आखूड केला, मेन चढवून शीट थोडी ओढली. आता वरपासून खालपर्यंत एकसारखं गुंडाळतं. पाण्यावर, वारा धक्क्यावरून येत असताना, तांडेलांनी सांगितलं तसं शेवटच्या टॅकनंतर गुंडाळून आलो. सोबती पुढे निवांत दोर घेऊन बसला होता, त्याच्या कानाशी काही नाचत नव्हतं. बोट मात्र माझ्या अंदाजापेक्षा आधीच थांबली, मेन परत ओढून पुढे यावं लागलं.

पाठीमागच्या वाऱ्यात अजून करून बघितलेलं नाही. मेन उतरवण्याचा सराव आधी.

जुना_तांडेल

थांबणारच. पुढच्या वेळी जिब अर्ध्या बोटीएवढं अंतर आणखी पुढे आल्यावर गुंडाळा. आणि वल्हं ट्रॅम्पोलिनला बांधलेलं असू द्या, पण एका ओढीत सुटेल असं.

एकहलवाला

बोट धक्क्याला बांधून गेल्यावर जिब तशीच गुंडाळून ठेवली तर चालतं ना? मी तर वर्षभर ठेवतो.

शिवणटिपण

तुमच्या शिडाच्या बाहेरच्या कडेला ऊन झेलणारी पट्टी असेल. धागाकर्त्याच्या जिबला नाही. उन्हात कापड आणि त्याहून आधी शिवणीचा दोरा कुजतो. पट्टी लावता येते, पण छोट्या शिडावर ती वजनाला जाणवते आणि हलक्या वाऱ्यात लीच लोंबते. त्यापेक्षा झिपवालं लांब आच्छादन शिवा, गुंडाळलेल्या जिबवर हॅलियार्डने वर चढवायचं. नाही तर सरळ उतरवून पिशवीत भरा. पहिली पद्धत घेतली आहे, तर तो फायदा वापरा. धक्क्याला बांधल्यावर फोरस्टे डोलकाठी धरतोच. उतरवून ठेवली तर रात्री वारा सुटल्यावर जिब उघडून बोट ओढ खात बसेल, ही धास्तीही राहत नाही.

पट्टी लावायचीच ठरली तर कुठल्या बाजूला लावायची ते आधी ठरवा. ड्रमवर दोरी ज्या दिशेने भरली आहे त्यावरून शीड कुठल्या बाजूने गुंडाळतं ते ठरतं. पट्टी शिवून झाल्यावर दोरी उलटी भरली तर पट्टी आत जाते.

खारावारा

शिवाय ड्रम आणि स्विव्हल दर वेळी गोड्या पाण्याने धुवा, फिरवत फिरवत. उघड्या बेअरिंगला ग्रीस नको, वाळू आणि मीठ धरून ठेवतं. आणि डोलकाठी आडवी करून बोट ट्रेलरवर नेताना ड्रम लोंबता सोडू नका, लफची तार ड्रमच्या तोंडाशी दुमडते. एकदा दुमड पडली की ती तार बदलायचीच.

काठावरचा

झिपवाल्या आच्छादनाचा कच्चा आराखडा कोणी टाकेल का? शिवणटिपण, कापड किती लागतं?

शिवणटिपण

गुंडाळलेल्या वळीचा सगळ्यात जाड जागचा घेर मोजा, शीटचे वेढे धरून. त्यात झिप आणि शिवणीसाठी ८–१० सेंमी मिळवा, ती झाली रुंदी. लांबी लफएवढी. वरच्या बाजूला निमुळतं कापा, नाही तर तेच आच्छादन वाऱ्यात शीड होऊन बसतं. तळाला ड्रमच्या वर थांबवा, ड्रमला हवा लागू द्या.